बर्न डाउन, बर्न अप की बर्न आउट?

इंग्रजीत आगीची बातमी लिहायची असो, नाहीतर विमा कंपनीला नुकसानीचा अर्ज, हात हमखास अडतो तो इथेच. ‘बर्न’ येतं, पण त्याच्यापुढे डाउन लावायचं, अप की आउट, ते ठरत नाही. तिन्हींचा मराठी अर्थ शोधायला जावं तर थोड्याफार फरकाने ‘जळून जाणे’च हाती येतं. माझं मत असं, की निवड करताना आग केवढी होती हे बघू नये. आग विझल्यावर मागे काय उरलं, ते बघावं.

उभी असलेली वास्तू जळून आडवी झाली, तर बर्न डाउन. घर, गोदाम, गोठा, नाट्यगृह यांना हेच शोभतं. पुण्याचा शनिवारवाडा घ्या. 1828 च्या आगीत आतले लाकडी महाल गेले. दगडी जोती, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा आजही उभे आहेत. तेव्हा ‘द पॅलेस बर्न्ड डाउन इन 1828’ हे वाक्य चोख आहे. त्यात ‘पॅलेस’च्या जागी ‘फोर्ट वॉल्स’ घातलंत की ते खोटं ठरेल, कारण भिंती पडल्याच नाहीत.

मंत्रालयाचं उलट आहे. 21 जून 2012 च्या आगीत वरचे मजले आतून जळाले, पण इमारत उभी राहिली आणि दुरुस्तीनंतर पुन्हा वापरात आली. तिथे ‘बर्न्ड डाउन’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल इमारतच कोसळली. आपली इंग्रजी वर्तमानपत्रं अशा वेळी ‘गटेड’ लिहितात, म्हणजे बाहेरचा सांगाडा शाबूत आणि आतलं सगळं खाक. मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना तोच शब्द बरोबर बसतो.

बर्न डाउनमध्ये आणखी एक निवड दडलेली असते, आणि बातमी लिहिणाऱ्याने तिथे फार जपून राहायला हवं. मराठीत ‘घर जळालं’ आणि ‘घर जाळलं’ यांत एका कान्याचा फरक आहे. त्या कान्याने एक माणूस संशयित होतो. इंग्रजीत तोच फरक वाक्याच्या रचनेत असतो. ‘द हाउस बर्न्ड डाउन’ म्हणजे घर जळालं, कशाने ते माहीत नाही. ‘दे बर्न्ड डाउन द हाउस’ म्हणजे त्यांनी जाळलं. मधला ‘द हाउस वॉज बर्न्ड डाउन’ हा प्रकार शाळेत पॅसिव्ह व्हॉइस घोकलेला असल्यामुळे आपल्या हातून पटकन लिहिला जातो. पण त्याचा कल ‘जाळलं गेलं’ या बाजूला आहे. आग शॉर्टसर्किटने लागली की कुणी लावली हे पोलिसांनी अजून सांगितलेलं नसेल, तर हा ‘वॉज’ काढून टाका. वाक्य त्याच्याविना पूर्ण आहे.

लंडनचं ग्लोब थिएटर 1613 मध्ये प्रयोग चालू असताना उडवलेल्या तोफेच्या ठिणगीने पेटलं, गवताचं छप्पर धडाडून जळालं. तो अपघात होता, म्हणून ‘द ग्लोब बर्न्ड डाउन’. 1814 मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टनमधलं व्हाइट हाउस पेटवलं, तिथे कर्ता स्पष्ट आहे: ‘ब्रिटिश ट्रूप्स बर्न्ड द व्हाइट हाउस’. या वाक्यात डाउन नसलेलंच बरं, कारण बाहेरच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या.

सर्वनाम वापरायचं असेल तर ते मध्येच बसतं: ‘दे बर्न्ड इट डाउन’. ‘बर्न्ड डाउन इट’ कुठेच चालत नाही.

आता अप. वस्तू जळून नाहीशीच झाली, उचलायलाही काही उरलं नाही, तर बर्न अप. कागदपत्रं, इंधन आणि विशेष करून आकाशातून पडणाऱ्या गोष्टी. रात्री दिसणारी उल्का बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढी असते आणि जमिनीपासून साधारण 80 ते 100 किलोमीटर उंचीवरच संपते: ‘इट बर्न्स अप इन द ॲटमॉस्फिअर’. शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान 15 सप्टेंबर 2017 रोजी मुद्दाम शनीच्या वातावरणात सोडलं, तेही ‘बर्न्ड अप’. 11 जुलै 1979 ला कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अवकाश प्रयोगशाळेचं मात्र तसं झालं नाही; तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या आसपास पडले. म्हणून तिच्याबद्दल लिहायचं तर ‘डिडन्ट बर्न अप कम्प्लीटली’. घरातही हे रूप लागतं: तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून इंग्रजीत म्हणतात, ‘यू आर बर्निंग अप!’ इथे डाउन किंवा आउट लावलं तर अर्थच जातो.

आउट म्हणजे आतलं संपणं. इंधन संपून आग आपोआप विझली, तर ‘द फायर बर्न्ड इटसेल्फ आउट’. पंपाची मोटर जळाली, तर ‘द मोटर बर्न्ड आउट’. मोटर जागेवरच असते, आतली वाइंडिंग गेलेली असते. दंगलीनंतर रस्त्यावर उरलेला बसचा काळा सांगाडा म्हणजे ‘अ बर्न्ट-आउट बस’.

तिन्हींची परीक्षा लोडशेडिंगमध्ये टेबलावर लावलेल्या मेणबत्तीवर घेता येते. ती निम्मी झाली, तर ‘द कँडल हॅज बर्न्ड डाउन’. मेण संपून विझली, तर ‘बर्न्ड आउट’. खिडकीतून वारा आला आणि विझली, तर यांतलं एकही नाही. ‘वेंट आउट’ म्हणायचं. शेजारचं वर्तमानपत्र पेटून गेलं, तर ते ‘बर्न्ड अप’.

माणसाच्या थकव्याबद्दल बोलताना पर्याय एकच, आउट. कामाच्या ताणाने आलेल्या थकव्यासाठी हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये ‘बर्नआउट’ हा शब्द रुळवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तो कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून येतो, आजार म्हणून नव्हे. तेव्हा रजेच्या अर्जात तो आजाराच्या नावासारखा लिहू नका. लिहिताना नाम जोडून, ‘बर्नआउट’. क्रियापद तोडून, ‘बर्न आउट’.

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना डाउन आणि अप रोज भेटतात ते आलेखांत. बर्नडाउन चार्टची रेघ उरलेलं काम दाखवत खाली येते, बर्नअप चार्टची झालेलं काम दाखवत वर चढते. मधेच क्लायंटने काम वाढवलं तर बर्नअप जास्त उपयोगी, कारण त्यात एकूण कामाची रेघ वेगळी असते आणि वाढ कुठे झाली ते लगेच दिसतं.

राहिला प्रश्न बर्न्ड की बर्न्ट. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. अमेरिकी वाचकांसाठी क्रियापद ‘बर्न्ड’ ठेवा आणि ‘बर्न्ट’ करपलेल्या टोस्टसाठी.