साठ टक्के कार्बनची हॉकी स्टिक, सांगलीच्या मुरमावर

जालंधरची ही साडेछत्तीस इंची स्टिक मी पावसाळा संपल्यापासून वापरतेय. साठ टक्के कार्बन, बाकी फायबरग्लास. वाक २४ मिलिमीटर, म्हणजे नियमातल्या २५ च्या आत. मी फुलबॅक, मला लांब फटका हवा, आणि तो हिच्यात भरपूर आहे. तुतीच्या लाकडी स्टिकने चेंडू मधल्या रेषेपर्यंत जायचा, तेवढ्याच जोरात आता पंचविशी, म्हणजे समोरच्यांची पंचवीस यार्डांची रेषा, गाठतो.

चेंडू अडवणं मात्र वेगळंच काम. लाकूड चेंडू पोटात घ्यायचं, ही उलट फेकते. पकड सैल ठेवली तरच थांबतो. थंडीत सकाळी फटका नीट बसला नाही की झिणझिण्या थेट कोपरापर्यंत!

टिकाऊपणाचं म्हणाल तर खरी परीक्षा पंज्याच्या, म्हणजे खालच्या वळलेल्या भागाच्या, टोकाची. टर्फवर ती बरी टिकेल, पण आमच्या मुरमाने खालच्या कडेचा रंग केव्हाच खाल्ला, आता धागे दिसतात. मी तिथे टेप लावते. चालतं, फक्त टेपसकट स्टिक ५१ मिलिमीटरच्या कड्यातून जायला हवी. लाकूड फुटायच्या आधी चिरा दाखवतं. हिचे थर आतल्या आत सुटतात. म्हणून अधूनमधून बोटाने ठोकून बघा, आवाज बद्द आला की संशय घ्या. आणि एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका, आपल्याकडचं ऊन माहितीये ना!

किंमत साडेसहा हजार. शाळेच्या मुलींना मी वीस-तीस टक्केवालीच घ्यायला सांगते. स्वस्त पडते, आणि चेंडू थांबवायला तरी शिकतात.