खोपोली की भिवपुरी? मुलांना पाण्यापासून वीज दाखवायची तर

ठाण्याहून लोकलने जाऊन एका दिवसात परत येता येईल अशी टाटांची दोन जुनी जलविद्युत केंद्रं आहेत: खोपोली १९१५ पासूनचं, भिवपुरी १९२२ चं. क्षमता दोन्हींची सत्तरेक मेगावॉट, त्यावरून काही ठरत नाही. आत जायला आधी परवानगी काढावी लागते. ती नसेल तर बाहेरून काय दिसतं, हे महत्त्वाचं.

त्यात खोपोली सरस. डोंगरावरून उतरणारे जाडजूड पाइप गावातूनच दिसतात. माझी लेक तेव्हा तिसरीत होती. बराच वेळ मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, पंप कुठाय?" पंप नाहीच. लोणावळा-वळवणच्या तलावांतलं पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं आणि त्याच जोरावर चाकं फिरवतं. मुंबईच्या गिरण्यांना या विजेने चालवलं, हे तिला पाइपांकडे बोट दाखवून सांगता आलं.

भिवपुरीला एवढं दिसत नाही. धरण वर अंदर मावळात, आंद्रा नदीवर, ठोकळवाडीला. (आंद्रा धरण म्हणतात ते वेगळं, त्याच नदीवर खाली.) आणि भिवपुरी रोड स्टेशनच्या नावावर जाऊ नका, विद्युतगृह भिवपुरी कॅम्पला आहे, कर्जतला उतरून रिक्षा करा.

तरीही आठवी-नववीच्या मुलांना मी भिवपुरीलाच नेईन. आंद्रेचं पाणी मुळात इंद्रायणी, भीमा करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते इथे पश्चिमेला वळवलंय आणि वीज करून झाली की उल्हास नदीत सोडतात. भर उन्हाळ्यात उल्हास वाहते ती या पाण्याच्या जिवावर. पुढे शहाडला तेच उचललं जातं आणि ठाण्यातल्या कितीतरी घरांत येतं. घाटावरची गावं हे पाणी स्वतःसाठी परत मागतात. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही, म्हणून मुलांना तेही सांगावं.

दोन्हीकडे एक पथ्य पाळाच: विद्युतगृहाखालच्या पात्रात मुलांना उतरू देऊ नका. यंत्रं सुरू झाली की ऊन असतानाही पाणी एकदम चढतं.

पोरं लहान असतील तर खोपोली. मोठी असतील तर भिवपुरी, आणि येताना बदलापूरला उतरून उल्हास दाखवा.