पाणीतंट्यांच्या दोन नोंदवह्या

23 एप्रिल 2025 रोजी भारताने सिंधू जलवाटप करार स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर बरेच दिवस ‘पुढचे युद्ध पाण्यावरूनच होणार’ हे वाक्य वृत्तवाहिन्यांवर आणि चहाच्या टपरीवर सारख्याच खात्रीने ऐकू येत राहिले. वाक्य जुनेच आहे. जागतिक बँकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष इस्माईल सेराजेल्दिन यांनी 1995 मध्ये याच अर्थाचे भाकीत केले होते. ते कितपत खरे आहे हे सामान्य वाचकाला घरबसल्या, फुकट तपासता यावे अशा दोन सेवा इंटरनेटवर उपलब्ध आहेत, आणि दोन्ही वापरून झाल्यावर त्यांच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

पहिली सेवा कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील पॅसिफिक इन्स्टिट्यूट या संस्थेची. तिचे नाव ‘वॉटर कॉन्फ्लिक्ट क्रोनॉलॉजी’, म्हणजे पाण्याभोवतीच्या हिंसाचाराची कालानुक्रमे केलेली नोंदवही. जलतज्ज्ञ पीटर ग्लिक यांनी सुरू केलेल्या या कामात आज दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. नकाशावर ठिपके दिसतात, काळ आणि प्रदेशानुसार चाळणी लावता येते, आणि प्रत्येक नोंदीखाली चार ओळींचे वर्णन व माहितीचा आधार दिलेला असतो. सगळे इंग्रजीत असले तरी भाषा बोजड नाही.

या वहीचे खरे वैशिष्ट्य तिच्या वर्गवारीत आहे. प्रत्येक घटनेत पाणी हे भांडणाचे कारण होते, हत्यार होते की भांडणाचा बळी ठरले, असे तीन प्रश्न विचारलेले आहेत, आणि एकाच घटनेला दोन खुणाही असू शकतात. वरवर साधी वाटणारी ही विभागणी वापरू लागल्यावर ‘पाणीयुद्ध’ हा शब्द किती सैलपणे वापरला जातो ते कळते. 1503 साली फ्लॉरेन्सने पिसाला नमवण्यासाठी आर्नो नदी वळवण्याचा घाट घातला आणि त्यात लिओनार्दो द विंची व मॅकियाव्हेली हे दोघेही होते. 1672 मध्ये डचांनी फ्रेंच सैन्य अडवण्यासाठी स्वतःचीच जमीन पाण्याखाली घातली. 1938 मध्ये चिनी सरकारने जपानी फौजा रोखण्यासाठी पीत नदीचा बांध फोडला आणि त्या पुरात लाखो चिनी नागरिकांचाच जीव गेला. यांतले एकही भांडण पाणी कमी पडले म्हणून सुरू झालेले नव्हते. 6 जून 2023 रोजी युक्रेनमधील काखोव्का धरण फुटले, त्या युद्धाचे मूळही पाण्यात शोधता येणार नाही. पाणी तिथे युद्धाचे साधन आणि भक्ष्य होते.

म्हणून नव्या वाचकाला माझी सूचना अशी की, त्याने आधी फक्त ‘कारण’ या प्रकाराची चाळणी लावून पाहावे. त्यातही बहुसंख्य नोंदी एकाच देशातल्या आहेत. गाव विरुद्ध गाव, गुराखी विरुद्ध शेतकरी, शहर विरुद्ध खेडे. 1991 मध्ये कावेरी लवादाच्या अंतरिम आदेशानंतर उसळलेली दंगल तिथे आहे, आणि ती वाचताना मराठी माणसाला परके काही वाटणार नाही. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात काय होते, हे आपण पाहत आलो आहोत. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली होती, तीही कोणत्या शत्रुराष्ट्रामुळे नव्हे.

दोन देशांच्या सैनिकांनी पाण्यापायी एकमेकांवर बंदुका रोखल्याच्या नोंदीही आहेत. एप्रिल 2021 मध्ये किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्यात कोक-ताश येथील पाणी वळवणाऱ्या केंद्रावरून सुरू झालेल्या चकमकीत पन्नासहून अधिक माणसे मेली. मे 2023 मध्ये हेलमंद नदीच्या पाण्यावरून ताणलेल्या वातावरणात इराण आणि तालिबानचे सैनिक सीमेवर एकमेकांशी भिडले. या दोन्ही प्रकरणांना मी किरकोळ म्हणणार नाही. मात्र पहिल्यात आखणी न झालेली सीमा हे दुखणे पाण्याइतकेच मोठे होते, आणि मार्च 2025 मध्ये त्या दोन देशांनी सीमाकरार करून ते मिटवले.

या वहीत एक त्रुटी आहे, आणि ती तिच्या रचनेतूनच येते. हिंसा किंवा हिंसेची धमकी झाली तरच तिथे ओळ लिहिली जाते. त्यामुळे सलग तासभर वाचत बसले तर जग पाण्यासाठी पेटले आहे असेच वाटू लागते. शिवाय अलीकडच्या वर्षांत नोंदी झपाट्याने वाढताना दिसतात, त्यात खऱ्या वाढीबरोबरच बातम्या सहज मिळू लागल्याचाही वाटा असणार. एखाद्या जिल्हा दैनिकात आतल्या पानावर चार ओळींत आलेली मारामारी पूर्वी ओकलंडपर्यंत पोचण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

याला उतारा म्हणून दुसरी सेवा वापरावी. ओरेगन स्टेट विद्यापीठाचा ‘ट्रान्सबाउंडरी फ्रेशवॉटर डिस्प्यूट डेटाबेस’ हा संग्रह ॲरन वुल्फ यांच्या पुढाकाराने उभा राहिला असून त्यात देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या 310 नदीखोऱ्यांची माहिती आणि जलकरारांचे मजकूर आहेत. इथे भांडणाइतकीच समेटाचीही नोंद होते, आणि प्रत्येक घटनेला युद्धासाठी उणे सातपासून स्वेच्छेने एक होण्यासाठी अधिक सातपर्यंत गुण दिले जातात. 1948 ते 1999 या काळातल्या 1,831 घटनांपैकी 1,228 सहकार्याच्या आणि 507 संघर्षाच्या निघाल्या. प्रत्यक्ष हिंसेपर्यंत गेलेले तंटे 37, आणि त्यांतले 30 इस्रायल आणि त्याच्या शेजाऱ्यांमधले. पाणी हेच कारण असलेले दोन राज्यांमधले खरेखुरे युद्ध शोधायचे तर वुल्फ यांना थेट साडेचार हजार वर्षे मागे, मेसोपोटेमियातील लगाश आणि उम्मा या नगरराज्यांपर्यंत जावे लागले.

ही सेवा वापरायला मात्र कंटाळवाणी आहे. ती अभ्यासकांसाठी घडवलेली दिसते, तक्ते रूक्ष आहेत, आणि वर दिलेली मोजणी विसाव्या शतकातच थांबते. त्यानंतर हिमनद्या आटण्याचा वेग वाढला आणि इथिओपियाने 2011 मध्ये बांधायला घेतलेले नाईलवरचे महाधरण सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटनापर्यंत नेले. इजिप्तच्या धमक्या चालू असूनही त्यावरून युद्ध झाले नाही, हे जुन्या मोजणीशी जुळते. पण पुढेही जुळत राहील अशी हमी कोणताही तक्ता देऊ शकत नाही.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून सिंधूचे प्रकरण वाचले, तेव्हा त्यांची उपयुक्तता सर्वांत जास्त जाणवली. 1 एप्रिल 1948 रोजी भारताकडच्या पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी तोडले, महिनाभरात तात्पुरता समझोता झाला, आणि 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत नेहरू व अयुब खान यांनी करारावर सह्या केल्या. रावी, बियास आणि सतलज भारताकडे आल्या, त्या बदल्यात पाकिस्तानातील नव्या कालव्यांसाठी सहा कोटी वीस लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम भारताने दहा वार्षिक हप्त्यांत द्यायची होती. 1965 मध्ये दोन्ही देश लढले, तरी त्या वर्षीही भारताने हप्ता थांबवला नाही. पहिल्या वहीत अशा हप्त्याला जागा नाही, कारण तो भरताना कुणी मेले नाही.