इनर शॅडोसाठी कोन्व्हा की एसव्हीजी.जेएस?

साध्या बॉक्सला आतून सावली द्यायची असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) बॉक्स-शॅडोला इनसेट, म्हणजे सावली आत वळवणारा शब्द, जोडा, गोल कोपऱ्यांसकट काम होतं. अडतं ते वेड्यावाकड्या आकारांपाशी आणि अक्षरांपाशी. ड्रॉप-शॅडो फिल्टर इनसेट घेत नाही, आणि क्लिप-पाथने आकार कापला तरी बॉक्स-शॅडो मूळ चौकोनाचीच कड धरून बसते. मग जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या दोन वाटा उरतात: कॅनव्हासवर, म्हणजे पिक्सेलच्या पाटीवर, काढणारी कोन्व्हा, किंवा एसव्हीजी, म्हणजे रेषा-आकारांचं चित्र, हाताळणारी एसव्हीजी.जेएस आणि तिचं फिल्टर प्लगइन. मी दोन्ही वापरल्या आहेत.

कोन्व्हात बाहेरच्या सावलीचे गुणधर्म तयार मिळतात, आतल्या सावलीचे नाहीत, कारण मुळात कॅनव्हासलाच ती सोय नाही. म्हणून सीनफंकमध्ये (आकार आपल्या हाताने काढायचं कोन्व्हाचं फंक्शन) शिरून नेहमीची युक्ती करावी लागते. आकाराला क्लिप करायचं, म्हणजे त्याच्या बाहेरचं काही दिसू द्यायचं नाही, भोवती मोठा आयत घ्यायचा, आणि दोन्ही मिळून इव्हन-ऑड नियमाने (जिथे कडांची गणती विषम, तेवढंच भरतं) भरायचं. भरलेला भाग क्लिपबाहेर राहतो आणि आत फक्त त्याची सावली पडते. बहुतेक आकारांवर हे छान चालतं. पण पेन न उचलता काढलेला पाच टोकांचा तारा दिला, की मधला पंचकोन ठार काळा भरून येतो. तिथे रेघ दोनदा फिरलेली असते आणि आयत धरून गणती विषम होते. मजकुराला तर ही युक्ती लागूच होत नाही, कारण कॅनव्हास अक्षरांचा पाथ देत नाही. मग वेगळा कॅनव्हास घेऊन कंपोझिटिंग, म्हणजे थरांची कापाकापी आणि मिसळामिसळ, करत बसा.

एवढं मी चालवून घेतलं असतं. वैताग आणला तो झूमने. कॅनव्हासवरच्या सावलीचा ब्लर (पुसटपणा) आणि ऑफसेट (सरकवणं) ट्रान्सफॉर्मला, म्हणजे आकार लहानमोठा करण्याला किंवा फिरवण्याला, अजिबात जुमानत नाहीत. हा बग नव्हे, स्पेसिफिकेशनच तसं आहे. आकार तिप्पट केला तरी सावली आधी होती तितक्याच पिक्सेलची. त्यामुळे कोरल्यासारखं दिसणारं बटण झूम केलं की चपटं होतं, आणि झूम आउट केलं की सावली आतली सगळी जागा खाऊन टाकते. दुप्पट घनतेच्या स्क्रीनवर झूमला हात न लावताही सावली निम्मी दिसते. कोन्व्हा स्वतःच्या बाहेरच्या सावलीसाठी हा गुणाकार करून घेते. सीनफंकमध्ये हाताने काढलेल्या सावलीचा हिशोब मात्र आपला आपण करायचा. तोही जमतो म्हणा, स्केल आणि पिक्सेल रेशो काढून गुणलं की झालं. पण आडवं आणि उभं स्केल वेगळं असेल तर तिथेही हात टेकावे लागतात, कारण शॅडोब्लर एकच आकडा घेतो. सावलीसाठी लिहिलेल्या कोडपेक्षा तिला सांभाळण्याचं कोड जास्त झालं, तेव्हा माझं मन उडालं.

एसव्हीजीत फ्लडने रंग भरायचा, कंपोझिटच्या आउटने त्यातून आकार वजा करायचा, मग ब्लर, ऑफसेट, इनने पुन्हा आकारापुरतं कापायचं आणि मर्जने मूळ चित्रावर ठेवायचं. प्लगइनमध्ये ही साखळी एकदा लिहिली, की तारा असो वा मजकूर, सगळ्यांना तीच लावता येते. व्ह्यूबॉक्स (चित्राचा कोणता भाग किती मोठा दिसावा ते ठरवणारी चौकट) बदलला की सावलीही त्याच प्रमाणात लहानमोठी होते. मला हवं होतं ते एवढंच.

एसव्हीजीच्या वाटेचेही नखरे आहेत. फिल्टर मुळात लिनिअर-आरजीबीत, म्हणजे स्क्रीनवरच्या नेहमीच्या एसआरजीबी रंगांपेक्षा वेगळ्या मोजपट्टीत, हिशोब करतो, त्यामुळे सावली अपेक्षेपेक्षा फिकी येते: पांढऱ्यावर ५० टक्के काळा ठेवला तर १२८ ऐवजी साधारण १८८ मिळतो (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). कलर-इंटरपोलेशन-फिल्टर्स एसआरजीबी केलं की प्रश्न मिटतो. सीएसएसच्या बॉक्स-शॅडोमधला १० पिक्सेलचा ब्लर इथे स्टँडर्ड डेव्हिएशन ५ होतो, हेही सुरुवातीला चकवतं. आणि फिल्टरची हद्द आकाराबाहेर चारी बाजूंना फक्त १० टक्के असते. २४ युनिटच्या आयकॉनला ही पट्टी जेमतेम २.४ युनिटची, ब्लर मोठा असला तर पसरायला रंगच पुरत नाही आणि नेमकी कडेलाच सावली पुसट होते. एक्स आणि वाय उणे ५० टक्के, रुंदी-उंची २०० टक्के ठेवा.

शेकडो हलत्या आकारांवर मात्र एसव्हीजी फिल्टर लावायला मी धजणार नाही. माझ्या फोनवर अशी पानं रखडतात आणि फोन गरम होतो. तुमचं काम गेमसारखं असेल, झूम नसेल, तर कोन्व्हात सावली एकदा काढून कॅश करून, म्हणजे तयार चित्र म्हणून साठवून, ठेवणंच बरं. नकाशा, आयकॉन, एडिटर, लोगो यांपैकी काही असेल, तर निदान मी तरी एसव्हीजी.जेएसच घेईन.

फिरवण्याच्या बाबतीत ट्रान्सफॉर्मला न जुमानण्याचा कॅनव्हासचा हट्ट उलट उपयोगी पडतो. आकार कितीही फिरला तरी उजेड एकाच बाजूने येत राहतो. एसव्हीजीत सावली आकाराबरोबर गरगर फिरते. ती थांबवायची तर फिल्टर बाहेरच्या ग्रुपला लावायचा आणि रोटेट आतल्या आकाराला.