लाळेची नळी की परळची ओपीडी?

आजी स्तनाच्या कॅन्सरने गेली, मावशीला तोच ४२व्या वर्षी झाला. मावशीच्या रक्तात बीआरसीए जनुकातला दोष सापडला आहे; हा दोष असला की स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो आणि तो आईबापांकडून मुलांत येऊ शकतो. आता तिची थोरली लेक मला विचारते, ताई, जनुक तपासायचं घरपोच किट मागवू की परळच्या कॅन्सर रुग्णालयात नंबर लावू?

किटचा मोह मला कळतो. नळीत थुंकायचं, कुरियरला द्यायचं. रजा नको, लोकलचे धक्के नकोत, सासरी कुणाला कळायला नको. पण ते किट शोधतं काय, हे आधी बघ. अमेरिकेत २३अँडमी कंपनीच्या किटला २०१८ साली बीआरसीएतले फक्त ३ बदल तपासायची परवानगी मिळाली, तेही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपातल्या ज्यूंमध्ये आढळणारे. २०२३ मध्ये ती यादी ४४ वर गेली. घातक बदल हजाराहून जास्त आहेत. तुझ्या आईचा दोष त्या यादीत नसेल, तर ‘काही सापडलं नाही’ या निकालाला तुझ्यासाठी काडीचा अर्थ नाही.

ओपीडीत अख्खा दिवस जातो, खरं आहे. मावशीबरोबर मी गेले होते. समुपदेशक बाईंनी रक्त घेण्याआधी कोऱ्या कागदावर घराणं मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार झाला तर गोल काळा, माणूस गेलं असेल तर तिरकी रेघ. आजीच्या काळ्या गोलावर रेघ ओढली तेव्हा मावशीने माझा हात घट्ट धरला. मग मावशीचं रक्त तपासलं, म्हणून आज नेमका कोणता दोष शोधायचा हे माहीत आहे. तो तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी. तोच नेमका तपासून ‘नाही’ आलं, तर ते भरवशाचं.

गुप्ततेचं म्हणशील, तर २०२३ मध्ये त्याच कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. रुग्णालयाची फाइलही चार हातांतून जाते, पण ती विकाऊ माल नसते. विम्याची धास्ती दोन्हीकडे सारखीच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनुकीय आजार सरसकट वगळणं हा भेदभाव ठरवला, तरी आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही.

मला खरी काळजी तुझ्या धाकट्या बहिणीची आहे. तिची स्थळं बघणं चालू आहे आणि तिला हे जाणूनच घ्यायचं नाही. तो तिचा हक्क आहे. तुझा निकाल घरात कसा, कुणाला सांगायचा, हे किट सांगणार नाही. त्या समुपदेशक बाई सांगतील. परळलाच जा, मावशीचा रिपोर्ट बरोबर घे. मी येते सोबत.