मोफत वॉशिंग आणि झाकलेले ओरखडे

सर्व्हिस सेंटरमधून गाडी परत मिळते तेव्हा ती चकाचक असते. टायर काळेभोर, काचा लख्ख, डॅशबोर्डवर तेलकट, वासाचं ड्रेसिंग. बिलाच्या तळाशी ‘वॉशिंग : मोफत’ अशी ओळ. शेडमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात सगळं छान दिसतं, सही होते, गाडी घरी येते. दोन-तीनदा धुऊन झाल्यावर एखाद्या सकाळी तिरप्या उन्हात बॉनेटकडे लक्ष जातं आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात.

फोन केला की उत्तर ठरलेलं असतं. ‘सर, ते आधीपासूनचेच असणार, गाडी नेताना तुम्ही बघून सही केलीय.’ आणि त्याच दमात पुढचं वाक्य येतं: ‘पुढच्या सर्व्हिसला रबिंग-पॉलिश करून घ्या, वरून सिरॅमिक मारू, नवीसारखी होईल.’ सिरॅमिक म्हणजे रंगावर चढवायचा पातळ, कडक संरक्षक थर. ओरखडे पडले तो निष्काळजीपणा झाला. ते तेलकट पॉलिशखाली झाकून गाडी ताब्यात द्यायची आणि मग त्यांच्यावरच इलाज विकायचा, ही मात्र सरळ फसवणूक आहे.

आधी रंगाची जाडी लक्षात घ्या. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग असतो. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा. चमकही त्याचीच आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवण्याचं कामही त्याचंच. आता वॉशिंग बेमध्ये काय चालतं ते बघा. एक बादली, एक स्पंज, खांद्यावर एक फडकं. हाच स्पंज मघाशी आधीच्या गाडीच्या चाकांवरून फिरलेला असतो. चाकांवर ब्रेक पॅडची धातूमिश्रित पूड असते, ती स्पंजमध्ये अडकते आणि तुमच्या बॉनेटवर घासली जाते. स्पंज खाली पडला तर झटकून पुन्हा वापरतात. गर्दीच्या वेळी याहून वाईट होतं: पाणीच न मारता धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं. एका वेळी फार काही दिसत नाही, पण चार-पाच सर्व्हिसनंतर काळ्या किंवा गडद निळ्या गाडीची रयाच जाते. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांचंही तेवढंच नुकसान होतं, फक्त लपून राहतं.

या रेघा गोल नसतात, ही एक गंमत. फडकं कसंही फिरलं तरी चरे सगळ्या दिशांना पडतात. त्यातले उजेडाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं भासतात. पसरट उजेडात, ढगाळ दिवशी किंवा ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत. त्यासाठी एका बिंदूतून येणारा प्रखर उजेड लागतो, म्हणजे थेट ऊन किंवा एलईडी टॉर्च. गाडी शेडमध्येच ‘दाखवून’ देण्याचा आग्रह असेल तर ती बाहेर काढायला सांगा, किंवा टॉर्च खिशात घेऊनच जा.

झाकायची युक्ती अगदी साधी आहे. बफिंग मशिनला लोकरीचं पॅड, त्यावर तेल आणि सिलिकॉन असलेलं क्रीम पॉलिश, प्रत्येक पॅनेलवर दोन मिनिटं. चऱ्यांमध्ये तेल भरतं, कडा बुजतात आणि पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. दोन-तीन शॅम्पूनंतर तेल निघून जातं आणि सगळं पुन्हा वर येतं, शिवाय बफिंगच्या स्वतःच्या खुणा असतातच. उन्हात गाडीभोवती चाललं की आपल्याबरोबर सरकणारे धूसर पट्टे दिसतात, त्यांना डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीचा रंग साफ करून चमकवणारे कारागीर, होलोग्राम म्हणतात.

न विचारता पॉलिश मारलंय का, हे शोधणं सोपं आहे. दारांच्या फटी, काचेचं रबर, मागच्या नावाची अक्षरं आणि नंबर प्लेटच्या कडा बघा. पांढरी वाळलेली पूड अडकलेली असेल तर मशिन फिरलेलं आहे. खाली काय झाकलंय ते पाहायचं तर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर एकत्र करा, स्वच्छ मायक्रोफायबरवर थोडं फवारा आणि धुतलेल्या बॉनेटचा वीतभर भाग दाब न देता दोनदा पुसा. मग टॉर्च तिरपी धरा. पुसलेल्या चौकोनात रेघा आणि बाजूला गुळगुळीत असं दिसलं तर उत्तर मिळालं. नुकताच रंगवलेला भाग असेल तर मात्र अल्कोहोल लावू नका.

‘रबिंग मारून देतो, पैसे नको’ ही भरपाई म्हणूनच स्वीकारायची नसते. रबिंग म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खरवडून सपाट करणं. लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड (घासून रंग सपाट करणारी खरखरीत पेस्ट) एका कामात काही मायक्रॉन सहज उडवतं, आणि एकूण भांडवल ३५ ते ५० मायक्रॉनचंच आहे. दारांच्या कडा आणि बॉनेटच्या उंच घड्यांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे मशिन क्षणभर जास्त टेकलं तरी थेट खालचा रंग उघडा पडतो. त्यावर पुन्हा रंग मारण्याखेरीज इलाज नाही. दर वर्षी फुकट रबिंग करून घेणारा माणूस स्वतःच्या गाडीचं आयुष्य फुकट देत असतो.

आता पॅकेज. ‘टेफ्लॉन कोटिंग’ सर्व्हिससोबत तासाभरात होतं असं सांगतात. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तव्यावर बसवायला त्याहून जास्त तापमानाला भाजावं लागतं. गाडीचा रंग ते तापमान सोसणार नाही, त्यामुळे हाताने लावून पुसलेल्या द्रवातलं टेफ्लॉन रंगाला तसं चिकटूच शकत नाही. जे मिळतं ते मेणासारखं किंवा सिलंटसारखं पॉलिश. काही धुण्यांपुरतं ठीक, पण त्याला वर्षांची वॉरंटी लावणं हा विनोद आहे.

सिरॅमिक ही खरी वस्तू आहे, तिच्या नावाखाली विकलं जाणारं बहुतेकदा खरं नसतं. नीट करायचं तर आधी धुणं, मग लोखंडाची पूड विरघळवणारं रसायन, मग क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), मग चरे काढणारं पॉलिश, मग अल्कोहोलने तेल पुसून काढणं, आणि मग कोटिंग. लावल्यावर पहिले १२ ते २४ तास पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर शॅम्पू नाही. सकाळी सर्व्हिसला दिलेली गाडी संध्याकाळी ‘सिरॅमिक करून’, वर धुऊन मिळाली तर ते सिरॅमिक नव्हे, फवारून पुसलेलं काहीतरी आहे. बाटली सीलबंद दाखवायला सांगा आणि ती तुमच्यासमोर उघडायला सांगा. ‘९एच’ या आकड्यानेही भुलू नका. तो पेन्सिलीने केलेल्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे, खनिजांच्या मोस मोजपट्टीतला नव्हे. धुळीतली क्वार्ट्झची वाळू मोसवर ७ आहे, पेन्सिलीतलं ग्रॅफाइट १-२. म्हणजे जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं सिरॅमिक असलं तरी धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं मारल्यास चरे पडणारच.

रंगाचं नुकसान फक्त वॉशिंग बेमध्ये होत नाही. ब्रेक फ्लुइड बदलताना थेंब फेंडरवर सांडतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे त्याचे तिन्ही प्रकार ग्लायकॉलवर आधारलेले असतात आणि रंग फुगवून मऊ करतात. असा थेंब फडक्याने चोळायचा नसतो, भरपूर पाण्याने लगेच धुवायचा असतो. चोळला की डाग पसरतो. जॉब कार्डवर ब्रेक फ्लुइड बदलणं असेल तर फेंडरवर कव्हर टाकायला आधीच सांगा, पण कव्हर टाकायच्या आधी धूळ उडवून घ्यायला हवी, नाहीतर कव्हरच सँडपेपरचं काम करतं. वाकून काम करणाऱ्या मेकॅनिकच्या पट्ट्याचं बक्कल आणि खिशावरचे रिवेट बॉनेटच्या पुढच्या कडेवर घासतात. काही ठिकाणी छतावर नंबरची चुंबकी टोपी ठेवतात, तिच्या खालची धूळ कोणी पुसत नाही. अलॉय व्हीलच्या नटांच्या भोकांत हवेच्या गनचा उघडा सॉकेट फिरला की काळसर गोल चरे पडतात. प्लास्टिकची बाही असलेला सॉकेट मागता येतो. आम्लयुक्त व्हील क्लीनर जास्त वेळ राहिला तर व्हीलवर पांढुरके डाग पडतात, ते घासून जात नाहीत.

सर्वांत मुरलेली लबाडी म्हणजे शेडमध्ये ठोकर लागलेली गाडी गुपचूप रंगवून देणं. अशा वेळी ‘पार्ट आला नाही, दोन दिवस लागतील’ असा निरोप येऊ शकतो. ओळखायला पेंट थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र, हवा. शेजारच्या दारावर १२० मायक्रॉन आणि एका दारावर २६० दिसलं तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. ५००च्या पुढे आकडा गेला तर खाली पुट्टी असण्याचीच शक्यता जास्त. साधा गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, आणि अॅल्युमिनियमच्या बॉनेटवर चालणारा गेज आहे का ते घेतानाच बघावं. गेज नसेल तर रबराच्या बीडिंगवर उडालेला रंग, दाराच्या आतल्या कडेला मास्किंग टेपची सरळ रेघ आणि बिजागरीच्या बोल्टवर तुटलेला रंग शोधा. रंगवलं असेल तर ते लेखी घ्या. कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांना भाजला जातो, वर्कशॉपच्या बूथमध्ये सुमारे ६० अंशांना, आणि त्यातलं सॉल्व्हंट पूर्ण उडायला आठवडे लागतात. साधारण ६० दिवस त्या पॅनेलवर मेण किंवा कोटिंग लावायचं नाही. हे माहीतच नसेल तर मालक पुढच्याच आठवड्यात त्यावर मेण चोपडतो.

गाडी द्यायला जाताना ती धुतलेली असू द्या. धुळीच्या गाडीवरचे जुने-नवे ओरखडे कोणालाच वेगळे करता येत नाहीत, आणि धुवायला निमित्तही मिळतं. गाडी घेताना अॅडव्हायझर गाडीच्या आकृतीवर खुणा करतो. अनेकदा न बघताच सगळ्या पॅनेलवर एक नागमोडी रेघ ओढतो आणि ‘किरकोळ ओरखडे’ लिहितो. पुढच्या ‘आधीपासूनच होते’चा पाया तिथे घातला जातो. ती रेघ खोडायला लावा, खरे असतील तेवढेच ओरखडे पॅनेलच्या नावासह लिहायला लावा, मग सही करा. त्याआधी फोनवर सलग एकच व्हिडिओ काढा: ओडोमीटर, मग पुढून सुरू करून गाडीभोवती एक फेरी, छत, चारही चाकं, आणि बॉनेट, छत व दारांवर तिरपी टॉर्च. तीन-चार मिनिटांचं काम आहे. तुकडे तुकडे काढलेले फोटो वादात कमी पडतात.

‘वॉशिंग नको’ हे अॅडव्हायझरला तोंडी सांगून भागत नाही. तो लबाडच असतो असं नाही. त्याने ते कॉम्प्युटरमध्ये टाकलेलंही असतं. पण गाडी मेकॅनिककडून अलाइनमेंटला आणि तिथून धुण्याच्या रांगेत जाते, आणि धुणाऱ्या पोराच्या हातात जॉब कार्ड नसतं, किल्ली असते. म्हणून सूचना गाडीतच हवी. ए४ कागदावर जाड मार्करने ‘धुऊ नका, पुसू नका, पॉलिश नको’ असं लिहून लॅमिनेट करा. एक प्रत स्टिअरिंगला दोरीने, दुसरी ड्रायव्हरच्या काचेला आतून. ‘पुसू नका’ गाळू नका, कारण ‘धुतली नाही हो, नुसतं फडकं मारलं’ हे उत्तर तयार असतं. मॅट रंगाच्या गाडीला ‘मशिन लावू नका’ हेही लिहा, मॅट एकदा चमकलं की परत मॅट होत नाही. पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) असेल तर ‘प्रेशरचं पाणी कडांवर नको’. नवी गाडी ताब्यात घेतानाही हीच सूचना बुकिंगच्या कागदावर लेखी द्या, कारण पहिलं फडकं तिथेच फिरतं.

परत घेताना आधी पाटी बघा. बांधली होती तशीच आहे, की डिकीत टाकलीय? काढली असेल तर कोणीतरी ती वाचून काढलीय. मग टॉर्च. नवीन चरे दिसले तर सही करण्याआधी बिलाच्या प्रतीवरच पॅनेलचं नाव आणि वेळ लिहा, त्यांच्या माणसाची सही घ्या, जुन्या व्हिडिओतली तीच जागा दाखवा. ‘आत्ता लगेच मशिन मारतो’ याला नाही म्हणा. आधी जाडी मोजायची, मग कुठलं पॅड आणि कुठलं कंपाउंड ते लेखी सांगायचं, काम तुम्ही निवडलेल्या डिटेलरकडे व्हायचं आणि खर्च त्यांनी द्यायचा, ही मागणी त्याच दिवशी ईमेलवर जाऊ द्या, व्हिडिओ जोडून.