क्लिनिकल सुपरव्हिजनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: सीमाभागातून एक परीक्षण

ज्याने स्वतः अनेक वर्षे समुपदेशन केले आहे, तो नवख्या समुपदेशकाला आपोआप घडवू शकतो, असे आपल्या क्षेत्रात सर्रास गृहीत धरले जाते. मानसिक आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांसाठी असलेला क्लिनिकल सुपरव्हिजनचा, म्हणजे समुपदेशकाच्या केसवरील कामाला वरिष्ठाने नियमित देखरेख आणि मार्गदर्शन देण्याचा, जो पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला, त्यात या समजाला पहिल्याच सत्रापासून छेद दिला जातो, आणि एवढ्या एका कारणासाठीही तो करण्याजोगा आहे. वर्ग बहुतांशी ऑनलाइन असतात आणि काही शनिवार-रविवारच्या कार्यशाळांसाठी पुण्याला जावे लागते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा प्रशिक्षणाची गरज का आहे, हे इथे काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून दीड-दोन तासांवर आहे, तर तशीच बंगळूरची राष्ट्रीय संस्था निम्हान्स सुमारे ५०० किलोमीटर दूर. क्लिनिकल सायकॉलॉजीचे प्रशिक्षण घेताना प्रत्येक केसवर वरिष्ठांची नजर असते, पण पदवी हाती पडून माणूस आपल्या गावी परतला की ती नजर संपते आणि शाळेत, स्वयंसेवी संस्थेत किंवा छोट्या दवाखान्यात तो एकटाच सगळे निर्णय घेऊ लागतो. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या बीएसीपी या संघटनेत अधिमान्यता (अ‍ॅक्रेडिटेशन) मिळालेल्या अनुभवी सभासदांनाही दरमहा किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावे लागते. आपल्याकडे ते शिकाऊ माणसाचे काम समजले जाते.

सिद्धांताचा भाग नेटका आहे. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली सुपरव्हिजनची तीन कामे, म्हणजे कामाचा दर्जा व नीती सांभाळणे, कौशल्य वाढवणे आणि काम करणाऱ्याला सावरणे, हा सगळ्या मांडणीचा पाया आहे. त्यावर १९७९ मधले जॅनिन बर्नार्ड यांचे प्रारूप येते, ज्यात सुपरव्हायझरने शिक्षक, समुपदेशक आणि सल्लागार यांपैकी कोणती भूमिका केव्हा घ्यायची याचा विचार आहे. आपल्याकडचे बहुतेक वरिष्ठ, माझ्या निरीक्षणाप्रमाणे, शिक्षकाच्या भूमिकेतून बाहेरच पडत नाहीत.

मात्र या अभ्यासक्रमाचे खरे बळ ध्वनिमुद्रणावर केलेल्या सरावात आहे. नॉर्मन केगन यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेल्या पद्धतीनुसार सेशनचे मुद्रण लावायचे, समुपदेशकाला वाटेल तिथे ते थांबवायचे आणि त्या क्षणी मनात काय चालले होते ते त्याने सांगायचे. एका सरावात आमच्यातल्याच एका सहभागी ताईंनी निपाणीकडच्या बिडी कामगार महिलेची भूमिका केली होती. 'रात्रभर डोळा लागत नाही, आता सगळंच नको झालंय' एवढे बोलून ती गप्प होते आणि समुपदेशक लगेच विचारते, 'घरच्यांशी बोललात का तुम्ही?' मुद्रण तिथे थांबले. एरवी वरिष्ठांनी इथे प्रश्न कसा चुकला हे सांगून टाकले असते. प्रशिक्षकांनी फक्त विचारले, 'त्या शांततेत तुम्हाला काय वाटत होतं?' समुपदेशक थोड्या वेळाने म्हणाली, 'त्या रडायला लागल्या तर मला आवरता येणार नाही, याची भीती वाटली.' पुढचे सगळे बोलणे त्या भीतीवर झाले आणि ती नेमकी कुठून येते हे तिचे तिलाच उमगत गेले. तरीही 'सगळंच नको झालंय' हे वाक्य प्रशिक्षकांनी सोडले नाही. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारले गेले का, नसेल तर त्या महिलेशी पुन्हा संपर्क कोण आणि केव्हा करणार, त्याची नोंद कुठे होणार, हे ठरल्याशिवाय त्यांनी सत्र संपू दिले नाही. आत्मपरीक्षण आणि रुग्णाची सुरक्षितता यांची अशी सांगड घालून शिकवलेली मी इतरत्र पाहिलेली नाही.

उणिवाही आहेत आणि त्या सीमाभागातल्या माणसाला अधिक जाणवतील. मूल्यमापनासाठी सेशनची लिखित प्रत इंग्रजीत मागितली जाते. आमच्याकडे एकाच सेशनमध्ये आई मराठीत बोलते, मुलगा कन्नडमध्ये उत्तर देतो आणि केसची नोंद इंग्रजीत होते. अशा बोलण्याची इंग्रजी प्रत केली की अडखळणे, अर्धवट सोडलेली वाक्ये आणि मधल्या शांतता नाहीशा होतात, आणि सरावात तर नेमके त्यांवरच बोट ठेवायला शिकवलेले असते. विनंती केल्यावर मराठी प्रत चालली, पण कन्नड तपासणारे कोणी नव्हते. कर्नाटकातून येणाऱ्यांना प्रवेश दिला जातो, तर ही सोय असायलाच हवी.

दुसरी उणीव दुहेरी नात्यांची. छोट्या गावात संस्थाचालक हाच सुपरव्हायझर असतो, म्हणजे ज्याच्यापुढे आपली अडचण मोकळेपणाने मांडायची, त्याच्याच हाती पगार आणि नोकरी असते. शिवाय केस सांगताना नाव वगळले तरी गल्ली आणि व्यवसाय यांवरून खानापुरात माणूस ओळखू येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम २३ प्रमाणे गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे हे नीट शिकवले जाते, पण तो हक्क अशा गावात कसा जपायचा यावर अर्ध्या तासापेक्षा अधिक चर्चा झाली नाही. त्यापेक्षा परदेशी विमा आणि तिथल्या तक्रार समित्या यांवर बराच वेळ जातो, जो इथे फारसा उपयोगाचा नाही.

शुल्क स्वयंसेवी संस्थेच्या पगारावर जगणाऱ्याला जड जाईल असे आहे. ज्यांच्या हाताखाली आज किमान एक-दोन समुपदेशक काम करत आहेत त्यांनीच प्रवेश घ्यावा, कारण गृहपाठ प्रत्यक्ष सुपरव्हिजनच्या मुद्रणावरच असतो आणि त्यासाठी रुग्णाची लेखी संमती लागते. शक्य असेल तर आपल्या भागातून दोघा-तिघांनी मिळून नाव नोंदवावे. सराव तिघांच्या गटात होतो आणि गट आपला आपण ठरवता येतो, त्यामुळे निदान तेवढे काम तरी मराठी-कन्नडमध्ये, जसे आपण सेशनमध्ये बोलतो तसे, करता येते.